हेडली डर्नफर्डचा क्ष

हेडली डर्नफर्डचं गणितातल्या माणसांशी कधी पटलं नाही. खुद्द गणिताशी त्याचं भांडण नव्हतं. बेरीज-वजाबाकी त्याला पोटापुरती येत होती. पण शाब्दिक उदाहरणांतली ती माणसं! एकाच टाकीला दोन नळ सोडून बसणारी, भावाचं वय सरळ न सांगता कोड्यात सांगणारी, बंदरातून एकामागून एक बोटी हाकणारी. ती दिसली की त्याच्या कपाळाला आठ्या पडत. असला एखादा त्याच्या बोटीवर कामाला आला असता तर पहिल्याच दिवशी हेडलीनं त्याला किनाऱ्यावर उतरवून दिलं असतं.

बावन्नाव्या वर्षी तो पुन्हा शाळेत बसला, तो काही हौसेनं नव्हे. दोन वर्षांपूर्वी सरकारनं न्यूफाउंडलंडच्या समुद्रातली कॉडची मासेमारी बंद केली. कॉड संपत आली होती हे खरंच होतं. ती कुणी संपवली याबद्दल त्याच्या गावात, गनर्स कोव्हमध्ये, जे बोललं जाई ते इथं लिहिण्यासारखं नाही. गावात दुसरा धंदा नव्हता. बोटी किनाऱ्यावर ओढून ठेवल्या गेल्या, आणि पाचवी-सहावीत पाटी टाकून बापाच्या बोटीत चढलेल्या माणसांना, मासळीच्या कारखान्यात जाणाऱ्या बायकांना सांगण्यात आलं की महिन्याची मदत हवी असेल तर शिका, बारावीपर्यंतचे विषय पूर्ण करा. तेव्हापासून रोज सकाळी गावच्या शाळेत, लहान मुलांच्या बाकांवर, गुडघे हनुवटीला टेकवून निम्मं गाव बसू लागलं. भिंतीवर पोरांनी रंगवलेले देवमासे होते. हेडलीचा जुना दोस्त गार्लंड हाइन्स त्यांतल्या एका जांभळ्या देवमाशाखाली बसे आणि बाईंना रोज विचारी, माझ्या चित्राला मार्क किती?

बाई म्हणजे लोरेन स्किनर. गावातलीच पोर, सेंट जॉन्सला शिकून परत आलेली. गावच्या रीतीप्रमाणे वडीलधाऱ्या पुरुषांना ती काका म्हणे, बायकांना काकू म्हणे, आणि तरीही गृहपाठ केला नाही म्हणून त्यांना रागवायची. हेडली इंग्रजीत पास झाला, विज्ञानात झाला. त्याच्याच बाकावर बसणारी त्याची बायको मर्टल नाताळापूर्वीच सगळ्या विषयांतून मोकळी झाली आणि घरी बसून आरामात हातमोजे विणू लागली. हेडलीचं घोडं तेवढं गणितात अडलं होतं. गणितातसुद्धा एकाच ठिकाणी: शाब्दिक उदाहरणं, एक अज्ञात संख्या, ती शोधा. दोनदा परीक्षा दिली, दोनदा आपटला.

पहिल्या वेळी उदाहरण असं होतं: दोन भावांनी मिळून शहाण्णव टोपल्या मासळी बोटीतून उतरवली. मोठ्यानं धाकट्याच्या दुपटीपेक्षा सहा टोपल्या जास्त उतरवल्या. तर धाकट्यानं किती उतरवल्या? हेडलीनं क्षणाचाही विचार न करता लिहिलं, अठ्ठेचाळीस.

"काका, हे अठ्ठेचाळीस आले कुठून?" पेपर परत आल्यावर लोरेननं विचारलं.

"शहाण्णवाचे निम्मे."

"पण मोठ्यानं जास्त उतरवल्यात ना? दुपटीहून सहा जास्त. लिहिलंय इथं."

"वाचलं की. भाऊ एका बोटीतले आहेत का नाहीत?"

"आहेत."

"मग निम्मे-निम्मे. एका बोटीत कुणी किती ओढल्या हे कोण मोजत बसतं? धाकट्याचा हात दुखत असेल त्या दिवशी."

"अहो काका, वाटणी विचारलेलीच नाही."

"मग विचारलंय काय? भाऊ वेगवेगळं मोजायला लागले म्हणजे त्यांचं बिनसलंय. आणि बिनसलेल्या भावांनी एका बोटीत पाय टाकू नये. एखादा बुडेल."

"लिही गं लोरेन," जांभळ्या देवमाशाखालून गार्लंड म्हणाला. "उत्तर: एखादा बुडेल."

सगळा वर्ग हसला. हेडली हसला नाही, कारण त्याला त्या धाकट्याची खरोखरच काळजी वाटत होती.

दुसऱ्या परीक्षेत बोटी आल्या. एक बोट ताशी आठ किलोमीटर वेगानं बंदरातून निघाली. दोन तासांनी दुसरी बोट त्याच वाटेनं ताशी बारा किलोमीटर वेगानं निघाली, तर ती पहिलीला किती तासांत गाठेल? हेडलीला वाटलं, चला, हा तर आपल्या घरचा प्रश्न. त्यानं पानभर लिहिलं. दुसरी बोट दोन तास उशिरा का निघाली ते कळलं पाहिजे. इंजिन बिघडलं होतं का? बिघडलं असेल तर ती बारानं जाणार नाही. वारा कुठला होता, भरती होती की ओहोटी? पहिल्या बोटीवर कुणी संकटात असेल तर तिनं थांबावं. शेवटी त्यानं लिहिलं की एवढ्या माहितीवर कुठलाही शहाणा माणूस तास सांगणार नाही. त्या पानाला शून्य मिळालं. ते शून्य त्याला फार लागलं, कारण पानावर लिहिलेलं अक्षर न् अक्षर खरं होतं.

खरं असून काय उपयोग? बारावी झाल्याचा कागद हवा होता, आणि तोही एप्रिल संपायच्या आत. गनर्स कोव्हला रस्ता नाही. डॉक्टर असो, टपाल असो, नवं कपाट असो, येतं ते किनाऱ्याकिनाऱ्यानं फिरणाऱ्या प्रवासी बोटीनं. त्या बोटीवरचा म्हातारा खलाशी वसंतात निवृत्त होणार होता आणि कप्तानाला त्याच्या जागी हेडलीच हवा होता. पण बोटीच्या मालकांचा नियम होता: बारावी पूर्ण. कप्तानानं जागा एप्रिलपर्यंत अडवून धरली होती, त्यापुढं त्याच्या हातात काही नव्हतं.

जागा गेली तर काय, तेही ठरलेलं होतं. मर्टलचा भाऊ ओंटारिओत, ब्रॅम्प्टनला राहतो. त्यानं त्याच्या गोदामात हेडलीसाठी शब्द टाकून ठेवला होता आणि स्वतःच्या घराखालचं तळघर रिकामं करून ठेवलं होतं. माणूस भला. हेडली एकदा तिकडं एका लग्नाला गेला होता. वारा कुठून येतो हे तो मुक्काम संपेपर्यंत शोधत राहिला आणि ते न कळताच परतला. गोदामाला तर खिडकीच नाही असं मेव्हण्यानं कौतुकानं सांगितलं होतं, म्हणजे हिवाळ्यात थंडी वाजत नाही.

मर्टल यावर काही बोलत नसे. त्यांची दोन्ही मुलं केव्हाच ओंटारिओत स्थायिक झाली होती; तिला तिकडं जायचं असेल तर त्यात नवल नव्हतं. पण फेब्रुवारीत एक दिवस हेडलीच्या लक्षात आलं की भिंतीवरच्या काचेच्या कपाटातले निळ्या काठाचे कप कमी झालेत. लग्नातले कप ते. पाद्रीबुवा आले किंवा कुणाच्या मयताला पाहुणे आले तरच खाली निघायचे. आठवडाभरानं आणखी कमी झाले. पलंगाखाली एक खोकं आलं होतं आणि घरातली जुनी वर्तमानपत्रं सापडेनाशी झाली होती. हेडली काय ते समजला. त्यानं विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. दोघंही मूग गिळून चहा पीत राहिले, डब्यातलं दूध घातलेला, रोजच्या जाड मगांतून.

मर्टलनं त्याला शिकवून पाहिलं. सकाळी टाउटन तळता तळता, म्हणजे उरलेल्या पावाच्या कणकेच्या चपट्या चरबीत सोडता सोडता, ती उदाहरण वाचून दाखवी.

"एका बाईकडं काही अंडी होती. तिनं त्यांतली निम्मी विकली..."

"कोंबड्या किती होत्या तिच्या?"

"हेडली, कोंबड्यांचं नाव काढू नकोस."

"मग अंडी काय दुकानातून आणून विकली तिनं?"

"अंडी किती होती ते माहीत नाही, म्हणून त्याला क्ष म्हणायचं. लोरेननं सांगितलंय ना? माहीत नाही त्याला क्ष."

"माहीत नाही तर नाव कशाला ठेवायचं? जाऊन मोजावीत."

मर्टलनं चपटी उलथली, वर काकवी ओतली आणि ताटली त्याच्यापुढं जरा जोरात ठेवली. "मांजराला आंघोळ घालणं सोपं," ती म्हणाली.

लोकांना वाटे हेडली मुद्दाम वाद घालतो. तसं नव्हतं. उदाहरण वाचलं की त्याच्या डोळ्यांपुढं तो माणूसच उभा राही, त्याचं घर, त्याच्या कोंबड्या, त्याचा दुखरा हात. मग तो त्या माणसात गुंतून जाई आणि आकडे कुठल्या कुठं वाहून जात. आयुष्यभर समुद्रावर असंच करून तो वाचला होता: न सांगितलेलं आधी बघायचं. सांगितलेलं हवामान ऐकून बसणारे तिकडं दफनभूमीत आहेत, आणि काही तर तिथंही नाहीत. ही सवय एका पेपरसाठी कशी सोडायची ते त्याला कळत नव्हतं. आपण ढ आहोत असंही त्याला वाटू लागलं होतं. हे मात्र त्यानं मर्टललाही सांगितलं नव्हतं.

मार्चमध्ये गार्लंडनं जायचं ठरवलं. अल्बर्टात तेलाच्या कामावर माणसं हवी होती, तिथं बारावी कुणी विचारत नव्हतं. जायच्या आधीच्या शनिवारी तो सकाळीच हेडलीच्या खोपटाशी बंदूक घेऊन हजर झाला.

"चल, टर मारून आणू. तिकडं टर मिळत नाहीत म्हणे. नुसतं गोमांस खाऊन मरेन मी."

टर म्हणजे थंडीत किनाऱ्याशी येणारे काळे-पांढरे समुद्रपक्षी. हिवाळ्यात गावच्या चुलीवर त्यांची चव निराळीच. दोघांनी हेडलीची छोटी बोट लोटली. हवा स्वच्छ होती, पाणी शिशासारखं जड. चार पक्षी मिळाले, मग पक्षीही येईनात आणि गप्पाही संपल्या. गार्लंडनं थर्मासमधला चहा ओतला आणि गावाकडं बघत बसला. त्याचं घर तिथून दिसत होतं. खिडक्यांना त्यानं आदल्याच दिवशी फळ्या ठोकल्या होत्या.

"हेडली," तो म्हणाला, "एक विचारू? रागावू नकोस."

"तू आजवर न रागावण्यासारखं काय विचारलंस?"

"तुझ्या बापाची जागा. जन्मभर तुझ्या हाकेच्या अंतरावर गळ टाकले मी. तू भरलेला यायचास आणि मी अर्धा. माझा बाप मरताना म्हणाला, चेस्ली डर्नफर्डच्या खुणा कळल्या असत्या तर सुखानं मेलो असतो. आता कॉड नाही, मी पण नाही. सांगून टाक ना लेका."

हे गनर्स कोव्हमध्ये कुणी कुणाला विचारत नाही. पाण्यावर जागेची पाटी नसते. खाली खडकाचा उंचवटा कुठं आहे, कॉड कुठं जमते, हे जमिनीवरच्या खुणांवरून ओळखायचं, आणि त्या खुणा बापानं मुलाला सांगायच्या, तेही बोटीत, दुसरं कुणी नसताना. भावाला सांगत नाहीत, जावयाला सांगत नाहीत. हेडलीनं मर्टललाही सांगितल्या नव्हत्या. तोंड उघडलं ते 'नाही' म्हणायलाच. पण समोर गार्लंड बसला होता, खांदे पाडून, हातातला चहा गार करत, आणि पुढच्या आठवड्यापासून तो इथं नसणार होता.

"इंजिन चालू कर," हेडली म्हणाला.

थोडं पुढं गेल्यावर गार्लंड बोटीच्या कडेवरून वाकून पाण्यात बघू लागला.

"तिकडं काय बघतोस?" हेडली खेकसला. "पाण्याकडं बघायचं नाही. पाणी सगळीकडं सारखंच. कधी निळं, कधी काळं, कधी उसळतं, दर घटकेला काहीतरी नवं दाखवतं आणि तू त्याच्या नादी लागतोस. जमिनीकडं बघ. ते चर्चचं टोक दिसतं? ते म्हाताऱ्या कड्याच्या बरोबर खांद्यावर बसव. बसलं? आता ती रेघ सोडायची नाही, तिच्यावरूनच पुढं जायचं. दुसरीकडं काळ्या भूशिराच्या आडून पांढरा दगड नुकता डोकावायला लागेल. अंगठ्याच्या नखाएवढा. त्याहून जास्त नाही. दोन्ही एकदम जुळलं की तू जागेवर आलास. खाली काही दिसो न दिसो. तिथंच असतं ते."

आपला आवाज ऐकता ऐकता हेडलीला तो ओळखीचा वाटला. हे शब्द त्याचे नव्हतेच. बारा वर्षांचा असताना, बोटीत पहिल्यांदा पुढं बसवून, बाप हेच म्हणाला होता. पाण्याकडं बघू नको पोरा, पाणी तुला नादाला लावेल. तुला दोन गोष्टी दिल्यात. तेवढ्याच धर. ज्याचा पत्ता नाही ते त्या दोहोंच्या मध्ये सापडतं.

बापानं हे सांगितलं तेव्हा वारा नव्हता का? भरती-ओहोटी नव्हती का? सगळं होतं, आणि बोट हाकताना ते सगळं बघायचंच असतं. पण जागा शोधताना नाही. शोधण्याच्या त्या एका कामापुरतं जग दोन खुणांएवढं करायचं असतं. धाकट्याचा हात, दुसऱ्या बोटीचं इंजिन, त्या बाईच्या कोंबड्या, हे सगळं पाणी होतं, आणि हेडली दोन परीक्षांत कडेवरून वाकून पाण्यात बघत बसला होता.

पांढरा दगड भूशिराआडून डोकावला. गार्लंडनं इंजिन बंद केलं. त्यानं चर्चकडं पाहिलं, दगडाकडं पाहिलं, मग वळून आपल्या स्वतःच्या नेहमीच्या जागेचा अंदाज घेतला.

"मी तिथं असायचो," तो म्हणाला. "अरे, थुंकलो असतो तर इथं पडलं असतं."

"पडायचं अधूनमधून," हेडली म्हणाला.

गार्लंड इतका हसला की बोट हलली. मग हसता हसताच त्यानं टोपीनं डोळे पुसले आणि वारा फार आहे असं म्हणाला. वारा अजिबात नव्हता. परत येताना त्यानं चारही टर हेडलीच्या पायाशी सरकवले. मर्टलला दे म्हणाला, माझी चूल विझलीय.

हेडली घरात शिरला तो बूटही न काढता. शनिवारचं वाटाण्याचं सूप चुलीवर होतं.

"ते भावांचं उदाहरण वाच," तो म्हणाला.

"आधी बूट काढ."

"मर्टल, वाच."

तिनं पळी ठेवली आणि वाचलं. हेडलीनं डोळे मिटले. "दोन खुणा. मिळून शहाण्णव, ही एक. मोठ्याचे धाकट्याच्या दुपटीहून सहा जास्त, ही दुसरी. धाकटा म्हणजे क्ष. मोठा म्हणजे दोन क्ष आणि सहा. एकत्र केले की तीन क्ष आणि सहा, आणि ते शहाण्णव. सहा काढले, नव्वद राहिले. तीन क्ष म्हणजे नव्वद. धाकट्याच्या तीस." त्यानं एक डोळा उघडला. "मोठ्याच्या सहासष्ट. दोन्ही मिळून शहाण्णव. बसतंय."

मर्टल त्याच्याकडं बघत राहिली. "आणि धाकट्याचा हात?"

"ते पाणी," हेडली म्हणाला.

तिला त्यातलं काही कळलं नाही. सूप मात्र तळाला लागलं, आणि ते तसंच दोघांनी खाल्लं.

एवढ्यानं सगळं सुरळीत झालं असं नाही. सवय जन्माची होती. रोज दोन-तीन उदाहरणांत तरी तो पाण्यात पडे. दुधाच्या मिश्रणाच्या उदाहरणात दुधात पाणी घालणाऱ्या गवळ्याचा त्याला इतका राग आला की लोरेनला तास संपवावा लागला. पण आता पडलो हे त्याचं त्याला कळू लागलं. मग तो मान वर करी, पुटपुटे, चर्च कुठं, दगड कुठं, आणि पुन्हा पहिल्या ओळीवर येई. लोरेन आधी चकित झाली, मग तिनं विचारायचं सोडून दिलं. बोटींच्या त्या उदाहरणापाशी मात्र त्याचा बराच वेळ गेला. पहिली बोट दोन तास जास्त चालली आहे, म्हणजे क्ष अधिक दोन तास आणि ताशी आठ. दुसरी क्ष तास आणि ताशी बारा. गाठलं म्हणजे दोघींनी तेवढंच अंतर कापलं. चार तास. त्यानं पेन्सिल खाली ठेवली. "चार तासांत गाठली म्हणजे फार काही झालं नव्हतं," तो स्वतःशीच म्हणाला, आणि लोरेननं ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

कपाटात तोवर दोनच कप उरले होते.

परीक्षा एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात झाली. पेपर मोठ्या गावच्या कॉलेजातून बंद पाकिटात आला. वर्गात हेडली आणि इतर दोघं-तिघं. जांभळ्या देवमाशाखालचं बाक रिकामं होतं. तिकडं बघायचं नाही असं त्यानं ठरवलं, ते पाणीच होतं. पहिली चार उदाहरणं त्यानं दात-ओठ खाऊन ओढून काढली. पाचवं होतं ते असं: बापाचं आजचं वय मुलाच्या वयाच्या तिप्पट आहे. बारा वर्षांनी ते मुलाच्या त्या वेळच्या वयाच्या दुप्पट होईल. तर मुलाचं आजचं वय काय?

हेडलीच्या मनात आलं, बापाला विचारा की. पोराचं वय माहीत नाही असा कसला बाप? लगेच त्यानं मान वर केली. खिडकीतून चर्चचं टोक दिसत होतं. दोन गोष्टी दिल्यात, तेवढ्याच धर. मुलगा क्ष. बाप तीन क्ष. बारा वर्षांनी मुलगा क्ष अधिक बारा, बाप तीन क्ष अधिक बारा, आणि ते त्याच्या दुप्पट, म्हणजे दोन क्ष अधिक चोवीस. दोन्हीकडून दोन क्ष काढले. दोन्हीकडून बारा काढले. क्ष बरोबर बारा.

मुलगा बारा वर्षांचा. बाप छत्तीसचा.

तो त्या आकड्यांकडं बघत राहिला. त्याचा बापही बोटीतल्या त्या दिवशी छत्तीसचाच असणार. त्याच्यापेक्षा चोवीस वर्षांनी मोठा होता तो. इतका तरुण? लहान हेडलीला तर तो तेव्हा म्हातारा वाटला होता, कड्यासारखा. पानावरची अक्षरं पुसट झाली. पण उत्तर लिहून झालं होतं, त्यामुळं आता पाण्याकडं बघायला हरकत नव्हती. त्यानं पोटभर बघून घेतलं आणि मग सहाव्या उदाहरणाकडं वळला.

निकालाच्या दिवशी तो खोपटात जाळं दुरुस्त करत होता. त्या जाळ्याची कुणाला गरज नव्हती, पण हातांना होती. लोरेन उतारावरून येताना दिसली. ती धावत नव्हती, म्हणजे आपण पुन्हा आपटलो असं त्यानं धरून टाकलं. नंतर कळलं, वाटेवर बर्फ होता आणि तिला पडायचं नव्हतं.

"काका, कॉलेजातून फोन आला. पास."

हेडली आमिषाच्या टोपलीवर बसला. "सगळ्यात?"

"गणित तेवढंच राहिलं होतं ना? ते झालं. पाचव्या उदाहरणात पूर्ण मार्क. मी कप्तानाला कळवलं पण. सोमवारी भेटायला बोलावलंय."

छातीवर महिनोन् महिने ठेवलेला नांगर कुणीतरी उचलून नेला होता, आणि आता नुसता श्वास घेणंसुद्धा सुखाचं वाटत होतं. लोरेन त्याच्या शेजारी पालथ्या बादलीवर बसली. तिचेही डोळे भरले होते.

"म्हणजे आम्ही जात नाही," शेवटी तो म्हणाला.

"नाही काका."

घरी मर्टल चुलीपाशी होती. त्यानं दारातूनच सांगितलं, दोन शब्दांत. ती वळली नाही. हात पुसले, आत गेली आणि पलंगाखालचं खोकं ओढल्याचा आवाज आला. हेडली गेला तेव्हा ती जमिनीवर बसून वर्तमानपत्रं सोडत होती. एकेक कप काढून मांडीवर ठेवत होती, आणि इतकी रडत होती की त्यांतला एखादा फुटेल अशी त्याला भीती वाटली.

"मला वाटलं तुला जायचंय," तो म्हणाला. "मुलं तिकडं, भाऊ तिकडं. कप भरायला लागलीस तेव्हा मला वाटलं..."

"मला?" मर्टलनं नाक पुसलं. "त्या तळघरात? हेडली, मला हे घर सोडायचं म्हटलं की रात्रभर झोप लागत नव्हती. तू शाळेत गेलास की एकेक कप गुंडाळायची. जायची वेळ आलीच तर एकदम सगळे गुंडाळताना तुझ्यासमोर रडू नये म्हणून."

"मग बोलली का नाहीस?"

"तू आधीच एवढा घाबरला होतास. मी पण रडत बसले असते तर तुला तो क्ष कुठून सापडला असता?"

हेडली तिच्याशेजारी जमिनीवर बसला, गुडघे दुखत असतानाही. सगळा हिवाळा ही बाई त्याच्यासमोर बसून चहा पीत होती, आणि त्यानं रिकामं कपाट बघून भलतंच उत्तर काढलं होतं. ते त्यानं तिला सांगितलं. ती रडता रडता हसली आणि म्हणाली, "अठ्ठेचाळीस."

मग तिनं दोन कप तिथंच अ‍ॅप्रननं पुसले आणि चहा ओतला. घरात पाद्रीबुवा नव्हते, मयत नव्हतं, दोघंच होते. निळ्या काठाचा तो कप हेडलीच्या हातात फारच लहान दिसत होता. त्यानं एक घोट घेतला आणि खिडकीबाहेर पाण्याकडं मनसोक्त पाहिलं.

"मर्टल, ते दोघं भाऊ," तो म्हणाला. "पुढं बोलायला लागले असतील का गं एकमेकांशी?"

"लागले," मर्टल म्हणाली. "चहा पी."